मशीन थांबलं की

मोबाइल दोऱ्यांच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि त्यात मुलगी खाली मान घालून गणितं सोडवत होती. वसतिगृहातलं टेबल, वही आणि तिचा भांग, एवढंच काय ते दिसत होतं. इकडे तिची आई, शिंपीणबाई, शाळेच्या गणवेशांना बाह्या जोडत होत्या. दोघी एकमेकींशी अवाक्षर बोलत नव्हत्या.

पँटची चेन बदलून घ्यायला आलेला रखवालदार स्टुलावर बसून हे बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"ताई, लेकीशी भांडण झालंय का?"

"छे हो! अभ्यास चाललाय. उद्या पेपर आहे तिचा."

"मग फोन कशाला चालू?"

"लहानपणापासूनची सवय. अभ्यासाला मशीनचा आवाज लागतो तिला."

"आमची पोरं पुस्तक उघडलं की घोरतात. आमच्याकडे तेवढाच आवाज," रखवालदार म्हणाला.

शिंपीणबाई हसल्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं. उद्याचा पेपर साधा नव्हता. या विषयात मुलगी एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली तर अख्खं वर्ष वाया जाणार होतं. शाळेत कधी पहिल्या तिघांच्या खाली न गेलेली पोर ती. कुठे माशी शिंकली, हे बाईंना काही केल्या उमगत नव्हतं.

बॉबिनचा दोरा संपला. मशीन थांबलं. बॉबिन काढता काढता बाईंनी सहज मोबाइलकडे पाहिलं. मुलीची पेन्सिलही थांबली होती. तिनं खोडरबर घेतलं, लिहिलेलं अर्धं पान खोडून टाकलं आणि तेच गणित पहिल्यापासून मांडायला घेतलं.

बाईंनी दोरा भरला, पण मशीन चालू केलं नाही. बघत राहिल्या. मुलगी उत्तरापर्यंत आली, घुटमळली आणि तिचा हात परत खोडरबराकडे गेला.

"चुकलं होतं का गं?"

मुलगी दचकली. "नाही. तेच आलं परत."

"मग खोडतेस कशाला?"

"तू थांबलीस ना!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय, आई? माझं चुकलं की तू मशीन थांबवायचीस. तोंडानं कधी सांगितलं नाहीस. मशीन थांबलं की मी खोडायचे."

ते खरं होतं. आयतं उत्तर द्यायचं नाही, तिचं तिला शोधू द्यायचं, हा बाईंचा बाणा होता आणि त्याचा त्यांना अभिमानही होता.

"आणि परीक्षेत गं?"

"परीक्षेत सगळं शांतच असतं. सारखं वाटतं, चुकलंय. शाळेत दोन-दोनदा सोडवूनही वेळ उरायचा. इथे एकदाच सोडवायला पुरत नाही. मागच्या वेळी निम्मा पेपर कोरा राहिला माझा."

रखवालदार स्टुलावर अवघडला. "चहा पिऊन येतो," म्हणून बाहेर सटकला.

बाईंनी हातातली बाही मांडीवर ठेवली. आपल्याला सगळं येतं असं लेकीला वाटतं, हे त्यांना फार आवडायचं. त्यावर पाणी सोडायला जीव होत नव्हता. पण पेपर उद्यावर आला होता.

"एक सांगू? सातवीपर्यंत मला कळायचं. आठवीत तुझं ते क्ष आणि य सुरू झालं, तेव्हापासून ओ की ठो कळलेलं नाही."

मुलीनं पहिल्यांदा नीट वर पाहिलं. "मग थांबायचीस कशाला?"

"दोरा तुटायचा. बाही वळवायची असायची. कधी नुसती पाठ भरून यायची."

"काहीतरीच! दहावीला त्या प्रमेयाच्या वेळी किती वेळ थांबली होतीस तू. मी तीनदा खोडलं. तिसऱ्यांदा चूक सापडली."

"तेव्हा सुई मोडली होती."

"मग चूक कुणी काढली?"

"मला काय माहीत! मी सुई शोधत होते."

पोर हसेल असं बाईंना वाटलं होतं. ती हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते. रागानं की कशानं, ते एवढ्याशा काचेत कळेना.

"आधी सांगायचं होतंस ना गं," ती म्हणाली.

"तुला वाटायचं, आईला सगळं येतं. मला बरं वाटायचं गं ते."

मुलीनं डोळे पुसले. बाईंना बंद मशीनची शांतता सोसवेना. त्यांचा पाय आपसूक मशीनकडे गेला.

"नको," मुलगी म्हणाली. "चालू नको करूस."

तिनं वहीत मान घातली. त्या उत्तरावरून एकदा नजर फिरवली, खाली रेघ मारली आणि पान उलटलं. मग वर न बघताच म्हणाली,

"आई, फोन ठेव आता. मला अभ्यास करायचाय."