लाखात एखादा झोत

नव्या विमानाचा पंख वादळी हवेत किती तग धरेल, याचं गणित आमच्या संगणकावर कित्येक दिवस चाललं होतं. वाऱ्याचे हजारो झोत पंखाने मुकाट सोसले. फक्त एका झोताला तो मुळापाशी तडकला, आणि आलेखात तेवढीच एक लाल रेघ सुळकन वर गेली.

"हे काय मधेच उगवलंय?" साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सर, खालून वर उसळणारा झोत आहे. खऱ्या हवेत असा येऊ शकतो," गणित मांडणाऱ्या बाई म्हणाल्या.

"येऊ शकतो! अहो, लाखात एखादा. त्याच्यापायी अख्खा पंख बदलायचा? काढून टाका त्याला."

बाईंनी काढला. आलेख इस्त्री फिरवल्यासारखा झाला आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेब अहवालावर सही करणार, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांची मुलगी पायलट आहे. आनंदाच्या भरात ती इतकी मोठ्याने बोलत होती, की आम्हालाही ऐकू आलं, "बाबा, तुमच्या त्या नव्या विमानावर पहिल्याच तुकडीत माझं नाव लागलं!"

साहेबांचं पेन अधांतरी राहिलं.

"कशाला गं ते नवं? तू आपली जुन्याच विमानावर राहा, बाळा. लाखात एखादा म्हणतात ना, तो नेमका आपल्याच वाट्याला येतो."

मग फोन खिशात टाकून साहेबांनी सही ठोकली आणि कागद आमच्या सह्यांसाठी पुढे सरकवला.