आवाज कसला येतोय?

गेल्या वर्षी ऑनलाइन घेतलेलं जुनं ग्राइंडर मशीन पहिल्याच दिवशी धूर सोडून गप्प झालं, तेव्हापासून अण्णा ताकसुद्धा फुंकून पीत. आता बायकोला स्वयंपाकघरात एक फळी लावून हवी होती. जुन्या ड्रिल मशीनची जाहिरात आवडली, तरी अण्णांनी विकणाऱ्याला आधी मेसेज धाडला, "चालू करून दाखवा. व्हिडिओ पाठवा."

नेमकी तेव्हाच वरच्या मजल्यावर घरघर सुरू झाली. अण्णांनी कोपऱ्यातली काठी उचलली आणि छतावर दणादण ठोकली. "माणसं राहतात की सुतारपक्षी! रोज मेलं तेच!"

व्हिडिओ आला. अण्णांचं समाधान होईना. "हवेत काय, कुठलंही मशीन फिरतं. भिंतीत भोक पाडून दाखवा."

वर पुन्हा घरघर. खाली पुन्हा काठी.

"अहो, मशीन घेताय की जावई शोधताय?" आतून बायको म्हणाली.

दुसरा व्हिडिओ अण्णांनी फोन कानाला लावून ऐकला आणि त्यांचा चेहरा खुलला. चोर सापडला! त्यांनी लगेच लिहिलं, "मागे ठकठक ऐकू येतेय. बेअरिंग गेलंय ना? आम्हाला नका शिकवू."

उत्तर लगेच आलं.



"बेअरिंग नाही हो, साहेब. खालच्या मजल्यावर एक खडूस म्हातारा राहतो, तो काठी आपटतोय. त्याच्यापायीच तर विकतोय."