काठोकाठ तांब्या

प्रफुलनं ती बुटकी, लाल, तुफान पळणारी गाडी घरी आणली आणि त्याच आठवड्यात सुलोचनाबाईंनी नेम धरला, रोज सकाळी कालव्यापलीकडच्या महादेवाला घरचं पाणी वाहायचं. प्रफुल तसाही रोज सकाळी कालव्याच्या रस्त्यावर गाडी दामटायला निघायचाच. आई शेजारी बसायची, मांडीवर काठोकाठ भरलेला तांब्या. गाडीची बैठक जमिनीलगत, स्प्रिंगा कडक. प्रत्येक खड्डा थेट कमरेत शिरायचा. घरी परतल्यावर भिंत धरूनच पायरी चढावी लागे.

"थोडा कमी भरत जाय ना व माय! सीट नवी हाये. तुह्या पाण्यापायी बैलगाडी हाकून राहिलो मी."

"देवाले अर्धा तांब्या वाहतेत का, बाबू?"

आज मात्र कंबरेनं अंथरूण सोडू दिलं नाही. प्रफुल चावी फिरवत दारात उभा राहिला.

"आज राहू दे नेम. मी येतो एक चक्कर मारून."

"नेम मोडत नसते. तांब्या घेऊन जाय. थेंब सांडू देजो नोको."

"देवळासमोर हातपंप हाये ना! तिथंच भरतो."

"घरचंच पायजे. अन् येताना तीर्थ आण. तेही काठोकाठ."

तो कुरकुरत गेला. सुलोचनाबाई पडल्या पडल्या कान देऊन राहिल्या. कालव्याचं वळण ओलांडेपर्यंत गाडीचा आवाज चढला नाही, तेव्हा कुठं त्यांनी थकलेले डोळे मिटले आणि महादेवाची माफी मागितली.