तांब्यातलं पान

आठ दिवस रंभाबाईंचा नेम मोडला होता. तुळशीला रोज अकरा प्रदक्षिणा घालायच्या, पण मान वळवली की अंगण गरकन फिरायचं आणि त्या कोसळायच्या. माले गावातल्या बायकांनी अंगात देवी येते असं ठरवून त्यांची ओटीसुद्धा भरली.

पौडच्या डॉक्टरांनी मात्र कानाला दोष दिला. "आजी, आतल्या कानात बारीक खडे असतात. तुमचे जागचे सरकलेत." त्यांनी रंभाबाईंना आडवं केलं, डोकं मागं झुकवून वळवलं, कुशीवर नेलं आणि हळूच उठवून बसवलं. भिंत जागेवर राहिली.

"म्हंजी देवी न्हाई?"

"देवी कशाला कानात शिरंल, आत्या!" सून शुभांगी हसली.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून त्यांनी तुळशीच्या कट्ट्यावर भरलेला तांब्या ठेवला, त्यात एक पान सोडलं आणि चालू लागल्या. अकरा पुऱ्या झाल्या. अंगण तसूभर हललं नाही. डोळे भरून आले, हात जोडले.

तेव्हा त्यांना तांब्यातलं पान फिरताना दिसलं. आजारपणातही ते असंच दिसायचं, पण तेव्हा सगळंच फिरायचं. आता तुळस स्थिर होती, भिंत स्थिर होती. पान तेवढं काठाकाठानं, सावकाश प्रदक्षिणा घालत होतं.

कान परत बिघडला की काय, असं वाटून त्यांनी सुनेला हाक मारली. "शुभे, हितं ये. काय दिसतंय तुला?"

शुभांगी वाकली आणि तिचा चेहरा उतरला. "आत्या, तांब्याला हात लावला व्हय कुणी?"

"न्हाई."

"मग पान का फिरतंय?"

रंभाबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. कान खरंच बरा झाला होता.