शेवटचे दहा सेकंद

"थांब की जरा," धाकटा कॉम्प्युटरमागून म्हणाला.

"थांबलेच आहे," ताई स्टेजवरून म्हणाली.

पण सूर थांबेना. समोरचा कॅमेरा ताईच्या अंगाची हालचाल टिपत होता आणि धाकट्याने लिहिलेला प्रोग्रॅम तिचं तिथल्या तिथे संगीत करत होता. हात उचलला की स्वर चढायचा, पाय आपटला की ढोल. नाच संपताना तिने दहा सेकंद पुतळ्यासारखं उभं राहायचं, टाचणी पडली तरी ऐकू यावी, असा शेवट दोघांनी ठरवला होता. पहिला प्रयोग चार वाजता. अडीच वाजून गेले होते, आणि डासासारखा एक बारीक सूर काही केल्या पिच्छा सोडत नव्हता.

धाकट्याने पंखा बंद केला. मागचा हलणारा पडदा बांधून टाकला. वायर काढून पुन्हा लावली. सूर आपला चालूच.

"तुझा कॅमेराच भिकार आहे," ताई वैतागली.

"नाचता येईना, अंगण वाकडं."

एरवी तिने चप्पल फेकून मारली असती. आज नुसती पुन्हा पुतळ्यासारखी उभी राहिली.

मग त्याने स्क्रीनवर तिच्या सांध्यांचे ठिपके मोठे करून पाहिले. सगळे गप्प होते. डाव्या मनगटाचा तेवढा जागच्या जागी थरथरत होता.

"बारीक हालचाल सोडून दे म्हणून सांगतो प्रोग्रॅमला," तो घाईघाईने म्हणाला. "एक आकडा बदलायचा, झालं."

"आणि माझी बोटं? ती बारीकच हलतात. लोक ती बघायलाच येतात."

"कधीपासून होतंय हे?"

"तू कॅमेरा तपास."

"तपासला, ताई."

ती खाली बसली. डावा हात मांडीखाली सरकवला. सूर तुटला.

धाकटा बघतच राहिला. बाबा शेवटची कित्येक वर्षं जेवणाच्या टेबलाशी असेच बसायचे, आणि ही दोघं त्यांना चिडवायची: बाबा, हात कुणी चोरला?

"आता?" ताईने विचारलं.

"आता बरोबर आहे."

"मग शेवट बसूनच करू. मोज दहा."

तो मोजू लागला. दहा झाले, अकरा झाले. ती हात काही बाहेर काढेना, आणि त्यालाही मोजणं थांबवता येईना.