जादाची साडी

नवघरच्या विहारात बुद्धवंदना सांगायची ती भीमाबाईंनीच. पण लघवीची घाई आवरणाऱ्या गोळीने तोंडाला अशी कोरड पडली की मागच्या पौर्णिमेला वंदना मध्येच अडकली. डॉक्टरांनी गोळी बदलली. जीभ ओली राहू लागली, पण नव्या गोळीचा भरवसा कुठे होता? पांढऱ्या साडीवर तर थेंबही दिसतो. म्हणून आज पिशवीत तश्शीच दुसरी साडी होती. वंदनेची वेळ झाली आणि नवी सून संघप्रिया रडवेली होऊन आली. “आई, साडीवर चहा सांडला. अशी कशी सगळ्यांसमोर बसू?” ‘मेला चहा आजच सांडायचा होता!’ मनात चरफडत भीमाबाईंनी पिशवी छातीशी धरली, मग साडी काढून दिली. “दुसरी साडी कशाला आणलीत?” “तुझ्यासाठीच.” रिकामी पिशवी दाराशी ठेवून त्या पुढे जाऊन बसल्या. पहिल्याच ओळीला ओटीपोटात ओळखीची कळ आली. भीमाबाईंनी आवाज चढवला.