बल्बचा दोष

ठिगळ ताटाएवढं होतं आणि सकाळच्या उन्हात ते लपता लपत नव्हतं. बदामी भिंतीवर मधोमध हिरवट. रंगारी, त्याची मुलगी आणि घरच्या मालकीणबाई, तिघंही त्याच्याकडे बघत उभी होती आणि आधी कुणी बोलायचं हा प्रश्न होता.

पाइप फुटून भिंतीला ओल आली होती. तेवढाच भाग खरवडून, खड्ड्यांत लांबी भरून, काल संध्याकाळी रंगवला होता. जुन्या रंगाला नवा जुळवणं सोपं नाही, भलेभले तिथे हात टेकतात. दुकानातलं मशीन हल्ली ते काम चुटकीसरशी करून देतं. पण मशीनचं नाव काढलं की हा माणूस नाक मुरडायचा. चाळीस वर्षं तो डोळ्यांनीच जुळवत आला. डब्यात रंग कालवायचा, अंगठ्याच्या नखावर थेंब घ्यायचा, नख भिंतीला टेकवायचं. थेंब दिसेनासा झाला की रंग जमला. आपलं ठिगळ ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी काम बंद, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. फुशारकीच ती, पण आजवर खरी ठरलेली.

आता त्याने उरलेल्या रंगाचा थेंब नखावर घेतला, भिंतीला टेकवला, काढला, पुन्हा टेकवला. मग तो खाली बसून पिशवीत ब्रश भरू लागला, फडक्यात न गुंडाळताच.  हा माणूस घरी बसला तर चार महिन्यांत खंगेल, हे मुलीला पक्कं ठाऊक होतं.

"बाबा, तुमची चूक नाही ही," ती म्हणाली. "बल्बची आहे."

आणि मग ती थांबलीच नाही. वीज वाचवणारे हे पांढरे बल्ब रंगाच्या बाबतीत दगा देतात. जुन्या पिवळ्या बल्बखाली बदामी बदामीच राहायचा, यांच्याखाली त्यातला लालसरपणा मरतो. दुकानदारसुद्धा हल्ली गिऱ्हाइकाला सांगतो, शेड पसंत करायची तर बाहेर उजेडात नेऊन बघा. यातलं तसं खोटं काहीच नव्हतं. बोलता बोलता तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसत चालला.

"काल बल्बखाली जुळलं होतं ना? मग आताही जुळेल. बघाच तुम्ही."

तिने पडदे ओढले, दार लावलं, बटण दाबलं.

पांढरा उजेड पडला. ठिगळ जिथल्या तिथे होतं. थोडं मवाळ झालं होतं इतकंच, बाकी चांगलं डोळ्यांत भरत होतं. मुलगी ओठ मिटून उभी राहिली. रंगारी पुढे वाकला, मागे सरला, त्याने डोळे बारीक केले.

"गेलं की," तो म्हणाला.

मालकीणबाईंनी मुलीकडे पाहिलं. बाई तशा कुणाची भीड ठेवणाऱ्या नव्हत्या. सकाळी फोनवर त्यांनी दोघांना चांगलंच फैलावर घेतलं होतं. आता त्यांनी मान डोलावली.

"हो ना काका," त्या म्हणाल्या, "आता कुठे काय दिसतंय? मेला बल्बच वाईट." आणि चहा टाकायला आत गेल्या.

चहा पिताना रंगारी खुलला. असले बल्ब शोधून काढणाऱ्याच्या सात पिढ्यांचा त्याने उद्धार केला. उद्या दिवसाउजेडी येऊन पुन्हा करून देतो म्हणाला. सवडीने या, बाई म्हणाल्या. मुलीचा जीव भांड्यात पडला.

जिना उतरताना त्याने रंगाचा डबा तिच्या हातात दिला.

"उद्या रंग तू कालव. मी लांबी घासून देईन."

"अहो बाबा, बल्बमुळे झालं ते. सांगितलं ना मी."

"बल्ब असतात तसे. मी कुठे नाही म्हणतोय?" कठडा धरून तो एक पायरी खाली उतरला. "वर मला ठिगळ नाही दिसलं गं. पण तुझा चेहरा दिसला."